मल्ले-३ ची तपकिरी रेघ

मी इथला जुना वाचक आहे, लिहिणारा नाही. इथले अनुभव सगळे वाचतो, आणि खोटं कशाला बोलू — वाचून झालं की त्यातली फट शोधत बसतो. दार वाऱ्याने वाजलं असेल, माणसाला ताप असेल, नंतर सांगताना दिवस-वार जुळवून घेतले असतील... सवयच तशी. वडील नगरला टेलिफोन खात्यात होते. लाइनवर खरखर आली की ती कुठल्या खांबापासून येते ते शोधायचं, एवढं त्यांना ठाऊक. घरात देवपूजा होती, पण भूतबाधा, करणी, ‘बाहेरचं काही’ हे शब्द मी कॉलेजात जाईपर्यंत ऐकले नव्हते. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी लिहितोय, कारण हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय आणि मी ते कोणाला नीट सांगितलेलं नाही.

१९९८ साल. मी सव्वीस वर्षांचा, पुण्यातून डिप्लोमा करून बंगलोरला आलेलो. आमची कंपनी लहान होती. कारखान्यांची जुनी, कागदावरची ड्रॉइंग्ज स्कॅन करून कॉम्प्युटरवर पुन्हा काढून द्यायची, हे काम. मुख्य ऑफिस बंगलोरच्याच शिवाजीनगरला, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे आणि एक वेल्डिंगवाला. दिवसभर ठोकाठोकी चालायची. दुसरं छोटं ऑफिस मल्लेश्वरमला, आठव्या क्रॉसजवळ, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. तिथे एक मोठा स्कॅनर आणि तीन मशिनं. दोन्ही ऑफिसं लीज लाइनने, म्हणजे भाड्याने घेतलेल्या कायमच्या टेलिफोन लाइनने जोडलेली. सगळ्या मशिनांची आणि नेटवर्कची देखभाल माझ्याकडे. मशिनांची नावं साधी ठेवली होती: मल्ले-१, मल्ले-२, मल्ले-३.

मल्लेश्वरमचं ऑफिस सांभाळायच्या इंदूअक्का. वय बावन्न-त्रेपन्न. घरची माणसं मूळची निपाणीकडची, पण वडील नोकरीसाठी आलेले, त्यामुळे अक्कांचा जन्म बंगलोरचाच. मराठी बोलायच्या, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की पहिल्या दिवशी मला अर्धं कळलं नाही. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर एकट्या राहायच्या. त्यांच्या हाताखाली गीता नावाची एक तुमकूरची मुलगी होती, ती कॉम्प्युटरवर बसायची. अक्कांचं मुख्य काम कागदांचं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंग्जच्या निळ्या शीट, कडा फाटलेल्या, घड्यांवर विरलेल्या. त्या एकेक शीट दोन्ही तळव्यांवर घेऊन टेबलावर पसरायच्या, ओलसर फडक्याने कडा बसवायच्या, मागे नंबर घालायच्या आणि मगच स्कॅनरला लावायच्या. मी शनिवारी तिथे गेलो की जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. परक्या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं पहिलं माणूस म्हणजे त्या.

एक दिवस आमच्या साहेबांनी — मूर्तीसर म्हणू — मला केबिनमध्ये बोलावलं. मल्लेश्वरमचं ऑफिस ठेवायचं की सगळं शिवाजीनगरला हलवायचं, हे त्यांना ठरवायचं होतं. तिथली मशिनं खरोखर किती काम करतात याचा महिन्याभराचा ग्राफ काढ, म्हणाले. आणि तिथे कोणाला सांगू नकोस.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. सर्व्हरबरोबर परफॉर्मन्स मॉनिटर नावाचा प्रोग्राम यायचा. त्यात आधी मशीन निवडायचं, मग त्याचं काय मोजायचं ते निवडायचं — प्रोसेसर किती टक्के कामात आहे, डिस्क किती वापरली जातेय, नेटवर्कवर किती माहिती जा-ये करतेय. या एकेका मोजमापाला काउंटर म्हणतात. प्रत्येक काउंटरला एक रंग द्यायचा. मग पडद्यावर त्या रंगाची रेघ सरकत राहते. काम वाढलं की वर चढते, थांबलं की खाली येते. दर किती सेकंदांनी मोजायचं ते ठरवता येतं, आकडे फाइलमध्ये साठवता येतात. आणि रेघ अमुक मर्यादेच्या वर गेली तर पडद्यावर सूचना यावी — अलर्ट — अशीही सोय असते. मी मल्लेश्वरमच्या तिन्ही मशिनांचे प्रोसेसरचे काउंटर लावले, दर पंधरा सेकंदांनी. मल्ले-१ हिरवी, मल्ले-२ निळी, मल्ले-३ तपकिरी.

त्यासाठी प्रत्येक मशीनवर थोडं सेटिंग करावं लागणार होतं, म्हणून मी मल्लेश्वरमला गेलो. अक्का कॉफी घेऊन आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहून बघत राहिल्या.

“हे काय घालतोयस यात?”

मी म्हणालो, मशीन किती काम करतं ते मोजणारं आहे.

“मशीन, का आम्ही?”

मला खोटं बोलता आलं नाही. साहेबांनी सांगू नको म्हटलेलं सगळं सांगून टाकलं. अक्कांनी कॉफीचा कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, “सरी, बरं. मोज की. आम्ही काय बसून राहत नाही.”

पण मला माहीत होतं, त्या शीट पसरायला, पुसायला, नंबर घालायला जो वेळ लावतात तो यातल्या कुठल्याच काउंटरमध्ये दिसणार नाही. तेवढा वेळ मशीन रिकामंच असतं. ग्राफमध्ये ते ऑफिस झोपलेलं दिसणार. हे मी साहेबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नवीन होतो... असो.

पाचव्या-सहाव्या दिवशी मल्ले-३ बंद पडलं. वीज जाऊन झटक्यात आली आणि मदरबोर्ड जळला. मी स्वतः जाऊन मशीन काढलं, रिक्षात घालून शिवाजीनगरला आणलं. झाकण उघडलं, हार्ड डिस्क काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि उरलेला डबा माझ्या टेबलाखाली सरकवला. नवा बोर्ड यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. प्रोग्रामच्या सेटिंगमधून मल्ले-३ चा काउंटर काढून टाकायला हवा होता, पण आळस केला. तपकिरी रेघ तळाला आडवी पडून राहिली.

एका मंगळवारी सकाळी अकरा-चाळीसच्या सुमाराला मी सहज पडद्याकडे पाहिलं, तर तपकिरी रेघ वर आलेली. तीस टक्के, पस्तीस, पुन्हा तीस.

पहिला विचार अर्थातच हा की प्रोग्राम गंडलाय. बंद केला, पुन्हा चालू केला. रेघ तशीच. टेबलाखाली वाकून बघितलं. उघडा डबा, त्यात जळका बोर्ड, पॉवरची वायरसुद्धा नाही. मग वाटलं, तिकडे कोणीतरी दुसरं मशीन आणून त्याला तेच नाव दिलं असेल. मल्लेश्वरमला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर अक्कांनी उचलला. नवीन मशीन लावलं का, म्हणून विचारलं. “नाही रे, कोण लावणार,” म्हणाल्या. आवाज जड वाटला. काय करताय विचारलं तर, जरा बसलेय, म्हणाल्या. बाराला पाच कमी असताना रेघ पुन्हा तळाला गेली.

दुपारी मी तिथे जाऊन आलो. मल्ले-३ चं टेबल आतल्या खोलीत, भिंतीकडे होतं. टेबलावर फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड. नेटवर्कची केबल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती, टोक मोकळं. बाकी दोन मशिनांची नावं तपासली, बरोबर होती. काहीतरी क्षुल्लक असेल म्हणून मी परत आलो.

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. साधारण साडेअकराला सुरू झालं, वीस मिनिटं टिकलं, आणि या वेळी रेघ साठच्या वर गेली. मी त्या नावाच्या मशीनला नेटवर्कवरून पिंग करून पाहिलं — म्हणजे हाक मारून बघायची, मशीन असेल तर उत्तर येतं. उत्तर नाही. असं मशीन नेटवर्कवर नाहीच, आणि इकडे दर पंधरा सेकंदांनी त्याचा नवा आकडा येतोय. फोन केला तर गीताने उचलला. अक्का आत बसल्यात, डोकं दुखतंय म्हणतात, असं तिने हिंदीत सांगितलं. कोणी मशीन आणलंय का विचारलं, तर नाही म्हणाली. पण जरा चाचरत म्हणाली, असं मला वाटलं.

आणि तिथे माझ्या डोक्यात जे आलं ते लिहायला आजही लाज वाटते.

मला वाटलं, हे अक्कांचं काम आहे. ग्राफवर ऑफिसचं भवितव्य ठरणार हे त्यांना मीच सांगितलं होतं. त्यांच्या ओळखीचा एक हार्डवेअरवाला मल्लेश्वरममध्येच होता. त्याच्याकडून एखादं मशीन आणायचं, तेच नाव द्यायचं, काहीतरी चालू करून ठेवायचं, म्हणजे रेघ वर राहील. पिंगचं उत्तर बंद करता येतं, ते त्या माणसाला माहीत असणार. अधूनमधून थोडं-थोडं करून बघतायत, अजून जमलेलं नाही... सगळं चपखल बसत होतं. ज्यांच्या हातचं जेवलो त्या मला फसवतायत, आणि उद्या उघडकीला आलं तर माझ्यावर येणार. मला मनापासून राग आला. मी अलर्ट लावून ठेवला: तपकिरी रेघ नव्वदच्या वर गेली की सूचना यावी. हेतू एकच, रंगेहाथ पकडायचं.

त्यानंतरच्या आठवड्यातला शुक्रवार. अकरा-पस्तीसला पहिला अलर्ट आला. मग दुसरा. मग दर पंधरा सेकंदांनी एक, एकाखाली एक, सगळे मल्ले-३ चे. रेघ थेट शंभरला जाऊन तिथेच थांबलेली. त्याआधी वर चढल्यावर ती इतकी सरळ कधी दिसली नव्हती.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गीता त्या दिवशी बहिणीच्या लग्नाला गावी गेली होती, म्हणजे अक्का एकट्याच. फोन उचलत नाहीत याचा अर्थ मी असा लावला की तो हार्डवेअरवाला तिथे बसलाय आणि काम चालू आहे. बारा वाजता साहेबांकडे पाहुणे यायचे होते आणि मला तिथे थांबायला सांगितलेलं होतं. मी शेजारच्या टेबलावरच्याला ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणालो आणि खाली उतरून रिक्षा पकडली.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. कारण असे प्रसंग सांगताना लोक म्हणतात — मनात एकदम चर्र झालं, कोणीतरी बोलावतंय असं वाटलं. मला असं काहीही वाटलं नाही. सँकी टँकच्या वळणावर पुढे एक बस अडकली होती, तर मी रिक्षावाल्याला “स्वल्प बेग होगी” म्हणून घाई करत होतो, आणि मनात फक्त वाक्यं जुळवत होतो. अक्का, हे बरोबर नाही. अक्का, माझी नोकरी जाईल याचा विचार केलात का...

दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत स्कॅनरचं झाकण उघडं, वर एक निळी शीट अर्धी पसरलेली. मी हाक मारली. उत्तर नाही. आतल्या खोलीत गेलो तर अक्का जमिनीवर. मल्ले-३ च्या टेबलाच्या आणि भिंतीच्या मध्ये, कुशीवर पडलेल्या, खुर्ची आडवी झालेली. अंग घामाने भिजलेलं, ब्लाउजची बाही पिळावी इतकी ओली, आणि हात थंड. श्वास चालू होता, पण हलवलं तरी डोळे उघडेनात. मग पळत बाहेर गेलो. वरच्या मजल्यावर घरमालकांचे जावई होते, ते आले. दोघांनी मिळून अक्कांना उचललं. मी आलो होतो तीच रिक्षा अजून कोपऱ्यावर होती. पुढच्या क्रॉसला एक नर्सिंग होम होतं, तिथे नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी बोटाला टोचून रक्त बघितलं आणि लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं. साखर पार खाली गेली होती. नळी लावून पाच-सात मिनिटं झाली असतील, अक्कांनी डोळे उघडले. मला ओळखायला थोडा वेळ लागला. मग पहिलं वाक्य काय, तर “शीट तशीच राहिली रे स्कॅनरवर.” मी तिथेच भिंतीला टेकून बसलो.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वेळेवर आणलंत. एकट्या असताना हे असंच तास-दोन तास राहिलं असतं तर वाचल्या असत्या की नाही सांगता येत नाही, आणि वाचल्या असत्या तरी मेंदू पहिल्यासारखा राहिला नसता.

घरमालकीणबाई येऊन अक्कांजवळ बसल्या तेव्हा मी ऑफिसला परतलो. साहेब खूप रागावले होते. काय झालं ते सांगितल्यावर त्यांनी स्वतःच नर्सिंग होमला फोन लावला. मी माझ्या टेबलाशी आलो. पडद्यावर रेघा नेहमीसारख्या. तपकिरी तळाला. मग मी साठवलेली फाइल उघडून आकडे वाचले. अकरा-पस्तीसपासून शंभर, शंभर, शंभर... आणि बारा-बावीसला एकदम शून्य. मध्ये उतार नाही, काही नाही. खिशात नर्सिंग होमचा कागद होता, औषधांची यादी लिहून दिलेला. त्यावर सिस्टरने वर कोपऱ्यात ग्लुकोज सुरू केल्याची वेळ घातली होती. बारा-वीस.

तो कागद आणि तो पडदा यांच्याकडे मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. टेबलाखाली पाय लांब केले तर पायाला तो उघडा डबा लागला. मी पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी अक्कांना भेटायला गेलो. निपाणीहून त्यांची धाकटी बहीण आली होती. अक्का उशाला टेकून बसल्या होत्या. मी ग्राफबद्दल चकार शब्द काढला नव्हता, हे लक्षात घ्या. त्या स्वतःच सांगू लागल्या. महिन्याभरापूर्वी डॉक्टर बदलले, त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या वाढवून दिल्या. सकाळी ऑफिस उघडायच्या घाईत गोळी घ्यायच्या आणि नीट खायच्याच नाहीत. शुक्रवारी तर उपास होता, पोटात फक्त कॉफी. “आधी पण दोनदा झालंय असं,” म्हणाल्या. “चक्कर येते, डोळ्यापुढं काळं होतं. त्या मंगळवारी झालं, तू फोन केलास बघ. मग सोमवारी. ते मशीन नेलेलं टेबल आहे ना, त्या खुर्चीत जाऊन डोकं टेकून बसायची. गीताला दिसत नाही तिथनं.”

मी विचारलं, सांगितलं का नाही कोणाला?

“सांगून? साहेबाला आयतंच कारण मिळालं असतं. म्हातारी झाली, आजारी पडते, बंद करा ऑफिस.”

मंगळवार. सोमवार. शुक्रवार. बहिणीने दिलेला चहा प्यायलो आणि निघालो.

पुढचे दोन महिने मी हेच शोधत होतो. मल्लेश्वरमच्या हबवर — सगळ्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा — किती केबली लागल्यात ते मोजलं. मल्ले-१, मल्ले-२, मल्ले-३ ची ती मोकळ्या टोकाची आणि शिवाजीनगरकडे येणारी, एवढ्याच. त्या हार्डवेअरवाल्याकडे जाऊन आडून आडून विचारलं. तो महिनाभर गावालाच गेलेला होता. एका मोठ्या कंपनीत नेटवर्क सांभाळणारा माझा सीनियर होता. त्याला छापलेले आकडे दाखवले, अक्कांचं काही न सांगता. तो म्हणाला, जुने आकडे मेमरीत राहिले असतील, तेच पुन्हा दाखवत असेल. पटण्यासारखं होतं. पण मल्ले-३ चालू असतानाचे सगळे आकडे माझ्याकडे होते. त्यात सलग पाऊण तास शंभर कुठेच नव्हतं. त्या बिचाऱ्या मशीनने तेवढं काम कधी केलंच नव्हतं. मग तो म्हणाला, बग असेल. मी तसं करून बघितलं: दुसऱ्या मशीनची केबल काढायची, काउंटर तसाच ठेवायचा, आठवडाभर बघत बसायचं. रेघ तळाला पडून राहायची, ती हललीसुद्धा नाही. नवा बोर्ड बसवून मल्ले-३ परत जागेवर ठेवलं, पुढे वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवलं. अगदी साधं मशीन. जरा संथच.

मला योगायोग चालतो. एकदा चालला असता, दोनदाही चालवून घेतला असता.

साहेबांना महिन्याचा रिपोर्ट दिला तेव्हा तपकिरी रेघही त्यात राहू दिली. त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे मशीन तर बंद होतं ना? हो सर, म्हणालो. मग हे काय? माहीत नाही, सर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पान उलटलं. त्याच वेळी मी एक गोष्ट मात्र केली. अक्का एका शीटवर किती वेळ काय काय करतात, ते एक दिवस शेजारी बसून लिहून काढलं होतं; ती दोन पानं रिपोर्टला जोडली आणि सांगितलं की यातलं काहीच ग्राफमध्ये येत नाही. ऑफिस काही वाचलं नाही. चार महिन्यांनी ते बंद झालं. पण अक्कांना शिवाजीनगरला घेतलं, खिडकीजवळ मोठं टेबल दिलं. जुन्या शीटमधली कुठली कुठे आहे हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं, हेही एक कारण होतं. गोळ्या कमी झाल्या होत्या. अकरा वाजता सगळ्यांच्या देखत डबा उघडून त्या खायच्या, आणि मूर्तीसरसुद्धा येता-जाता विचारायचे, तिंडी आयता? खाल्लंत का?

दोन वर्षांनी अक्कांनी नोकरी सोडून बहिणीकडे निपाणीला जायचं ठरवलं. जायच्या आधीच्या रविवारी मी सामान बांधायला मदत करायला गेलो. खोल्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगितलं — रेघ, अलर्ट, बारा-वीस आणि बारा-बावीस. आणि हेही, की मी त्या दिवशी त्यांना फसवताना पकडायला आलो होतो.

अक्का भांडी गुंडाळत होत्या. हात थांबले.

“म्हणजे माझ्याशी भांडायला आलास तू?”

“हो, अक्का.”

मला वाटलं, आता या माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत, आणि तेच बरोबर होतं. मग त्यांनी पातेलं कागदात नीट गुंडाळलं, सुतळी बांधली आणि म्हणाल्या, “बरं झालं. काळजी वाटली असती तर फोनच करत बसला असतास. रागात होतास म्हणून धावत आलास.”

मी पुढचं पातेलं कागदात गुंडाळायला घेतलं. त्यांनीच थोड्या वेळाने विचारलं, “मग ती रेघ कशाची होती म्हणायची?”

“माहीत नाही, अक्का.”

“इतकं शिकलास, तरी?”

“तरी.”

“सरी,” म्हणाल्या, आणि पुढचं भांडं उचललं. “ते वरचं डबं काढ बघू, माझा हात पोचत नाही.”

मी स्टूल घेऊन डबे काढायला लागलो. त्यानंतर अक्का निपाणीला चौदा वर्षं जगल्या, शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने स्वैपाक करून. माझं सगळं आयुष्य हेच काउंटर लावण्यात आणि त्यांच्या रेघा बघण्यात गेलं. हजारो मशिनांच्या बघितल्या असतील. बंद मशीनची रेघ वर आलेली पुन्हा कधी पाहिली नाही. त्या दिवशी अक्कांना जे उत्तर दिलं, त्यात मला आजही एका शब्दाची भर घालता येत नाही.